मेजरसाहेबांचे ओळखपत्र

बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन बसणारे माजी सैनिक मी नोकरीभर पाहिले. निवृत्त फौजी नेमायचा तो बंदुकीसाठी, असेच आपण धरून चालतो. कॅनडातील क्युबेक प्रांताच्या विधानसभेचे सुरक्षाप्रमुख रने झाल्बेर मात्र निराळे. दुसरे महायुद्ध आणि कोरिया पाहिलेले हे निवृत्त मेजर.

८ मे १९८४. डेनी लॉर्टी हा सैन्यातलाच कॉर्पोरल सबमशीनगन घेऊन विधानभवनात घुसला. सरकारच संपवायचे, हा त्याचा बेत. कामकाज सुरू व्हायचे होते म्हणून आमदार वाचले; पण ३ जण ठार झाले, १३ जखमी. लॉर्टी अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसला.

साठी उलटलेले झाल्बेर निःशस्त्र आत गेले. त्यांनी आपले लष्करी ओळखपत्र दाखवले. अडकलेल्या कर्मचाऱ्यांना सोडवून घेतले आणि सुमारे चार तास त्याच्याशी बोलत राहिले. मेजरने कॉर्पोरलशी बोलावे तसे! अखेर तो शरण आला.

पहारा हवाच, २००१ साली आपल्या संसदेवरील हल्ल्यात तो पहारेकऱ्यांच्या प्राणांवर निभावला. पण आपल्या भरतीच्या जाहिरातींत उंची, छाती आणि शस्त्रपरवाना विचारतात. माणसे हाताळण्याचा अनुभव क्वचितच कोणी विचारतो. झाल्बेर यांना कॅनडाने ‘क्रॉस ऑफ व्हॅलर’ दिला, तो याच अनुभवाच्या बळावर त्यांनी केलेल्या धाडसाबद्दल.