नळी कापायची घाई

घरगुती दुर्बिणीच्या कृतीत एक वाक्य हमखास असतं : 'भिंगाचं नाभीय अंतर जेवढं, तेवढी नळी कापा.' अहो, मग आयपीस मागे-पुढे सरकवणारा फोकसर बसवायचा कुठे? डोक्यावर?

हिशेब बघा. 1000 मिमीचं भिंग. डायगोनलमध्ये प्रकाशाची वाट समजा 75 मिमी. फोकसर पूर्ण आत ढकलल्यावरही 60 मिमी बाहेर राहतो. तो 60 मिमी सरकत असेल, तर मधोमध थांबायला आणखी 30. म्हणजे फोकसरचा तळ भिंगापासून 835 मिमीवर हवा. (आपापल्या सामानाचे आकडे मोजा, माझे हार्डकोड करू नका!)

दुसरा घोळ दिवसाच्या चाचणीचा. 50 मीटरवरच्या पाण्याच्या टाकीची प्रतिमा ताऱ्यांपेक्षा 20 मिमी मागे पडते. फोकसर पार आत असताना टाकी लख्ख दिसली म्हणून आपण खूश, आणि रात्री शनीसाठी आत सरकायला जागाच नाही!

पांढरकवड्याकडे, टिपेश्वरच्या बाजूला रात्री अजून बऱ्या काळ्या असतात. पुण्यात लाखाची दुर्बीण घेऊनही तो अंधार मिळत नाही. आणि यवतमाळातल्या शाळकरी पोरीला मात्र आपण धूसर गोळा दाखवणार? ती पाईपला दोष देत नाही हो, स्वतःच्या डोळ्यांना देते. मग दुर्बीण कपाटात.

असो. आधी चंद्राची प्रतिमा ट्रेसिंग पेपरवर घ्या, भिंगापासूनचं अंतर मोजा, त्यातून वजाबाकी करा, मग करवत उचला. सूर्यावर हा प्रयोग अजिबात नको.