फ्रिज तोच, बिल निराळे : दिल्लीतील वीज अनुदानाच्या उंबरठ्याचे गणित

नवी दिल्ली : फ्रिज चालवायला महिन्याला किती खर्च येतो, या प्रश्नाचे उत्तर देशात बहुतेक ठिकाणी साध्या गुणाकाराने मिळते : लागलेले युनिट गुणिले दर. राजधानी दिल्लीत हा गुणाकार चुकतो. येथे तोच फ्रिज एका घरात फुकट चालतो आणि शेजारच्या घरात महिन्याच्या देयकात आठशे-नऊशे रुपयांची भर घालू शकतो. त्या घराचे एकूण युनिट कोणत्या आकड्यावर थांबतात, यावर सारे अवलंबून असते.

आधी यंत्राविषयी. फ्रिजवर दीडशे वॅट लिहिले आहे म्हणून त्याला चोवीस तासांनी गुणून दिवसाला साडेतीन युनिट धरणारे बरेच आहेत. हा हिशेब खरा नव्हे. कॉम्प्रेसर सलग चालत नाही. ठरलेली थंडी आली की थांबतो आणि आतील तापमान चढले की पुन्हा सुरू होतो. म्हणून ऊर्जा दक्षता ब्युरोच्या तारांकित लेबलवर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा धरणे अधिक योग्य. अडीचशे लिटरच्या आसपासच्या नव्या फ्रिजवर तो साधारण दोनशेच्या आगेमागे असतो, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा युनिट. पंधरा वर्षे वापरलेला, दाराचे रबर सैल झालेला फ्रिज मात्र दिवसालाच दीड-दोन युनिट घेऊ शकतो.

लेबलवरील आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. दिल्लीचा उन्हाळा त्यात मावत नाही. स्वयंपाकघरात २५ अंश आणि फ्रिजमध्ये ४ अंश असतील तर फरक २१ अंशांचा. स्वयंपाकघर ४० अंशांवर गेले की तो ३६ होतो आणि भिंतींतून आत शिरणारी उष्णता जवळपास पावणेदोन पट वाढते. ती बाहेर टाकण्याचे कामही तापलेल्या हवेत अधिक अवघड होते. जानेवारीत हाच फ्रिज जवळजवळ निवांत असतो. मुंबईच्या दमट, सपाट हवामानात वर्षभर फारसा न बदलणारा हा खर्च दिल्लीत असा ऋतूप्रमाणे हेलकावे घेतो. पंखे, कूलर आणि वातानुकूलक ज्या महिन्यांत मीटर पळवतात, त्याच महिन्यांत फ्रिजही अधिक वीज मागतो. दिल्लीची कमाल मागणी १९ जून २०२४ रोजी ८,६५६ मेगावॅट या विक्रमी पातळीवर गेली, ती अशाच दिवसांत.

खरी गुंतागुंत दरांत आहे. दिल्ली विद्युत नियामक आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या आदेशानुसार घरगुती ग्राहकाला पहिल्या २०० युनिटांसाठी ३ रुपये, ४०० पर्यंत साडेचार आणि ८०० पर्यंत साडेसहा रुपये दर आहे. त्यावर १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेले अनुदान येते. २०० युनिटांपर्यंत देयक शून्य. २०१ ते ४०० युनिटांना निम्मी सवलत, कमाल ८०० रुपये. ४०० ओलांडले की काहीच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून हे अनुदान मागणाऱ्यालाच मिळते. देयक तीस दिवसांहून अधिक काळाचे असेल तर मर्यादाही त्या प्रमाणात वाढते.

दोन किलोवॅट भाराचे एक घर घेऊ. नव्या फ्रिजसह त्याचा जूनचा वापर १९० युनिट आहे, देयक शून्य. त्याच घरात जुना फ्रिज असता तर वापर तीस युनिटांनी वाढून २२० झाला असता. ऊर्जा आकार ६९० रुपये, स्थिर आकार ४० रुपये, त्याचे निम्मे ३६५ रुपये. अधिभार आणि कर धरण्याआधीच त्या तीस युनिटांचा भाव युनिटमागे बारा रुपयांवर गेला. दिल्लीच्या दरपत्रकात इतका चढा घरगुती दर कुठेच छापलेला नाही.

दुसरा उंबरठा अधिक उंच आहे. तीन किलोवॅट भाराच्या घराचा वापर ३९५ वरून ४१० वर गेला तर पंधरा युनिटांचे मूळ मोल नव्वद रुपयांहूनही कमी, पण हातचे ८०० रुपयांचे अनुदान जाते. जवळपास नऊशे रुपयांचा हा फटका एखाद्या सैल रबराने बसू शकतो.

यमुनेपलीकडे नोएडात असा कडा नाही. उत्तर प्रदेशच्या शहरी दरांत १५० युनिटांपर्यंत साडेपाच, ३०० पर्यंत ६ आणि पुढे साडेसहा रुपये पडतात. तेथे नव्या फ्रिजचे वीस युनिट १२० रुपयांचे, जुन्याचे पन्नास युनिट ३०० रुपयांचे. गुरुग्राममध्ये पाच किलोवॅटपर्यंतच्या ग्राहकाला १५१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात सव्वापाच रुपये मोजावे लागतात. नोएडातील कुटुंबाने जुना फ्रिज बदलला तर महिन्याला १८० रुपये, वर्षाला दोन हजारांवर वाचतात, आणि चार-पाच हजार जास्त देऊन चांगल्या ताऱ्यांचा फ्रिज घेणे परवडते. दिल्लीतील शून्य देयकाच्या घरात हीच बचत शून्य रुपयांची ठरते. तेथे लेबलवरचे तारे ग्राहकाच्या कामाचे उरत नाहीत; वीज खर्च होतेच, फक्त पैसे सरकारी तिजोरीतून जातात.

भाडेकरूंची गोष्ट याहून वेगळी. एका मीटरवर अनेक खोल्या चालतात तेथे एकत्रित वापर मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि उपमीटरवर घरमालक ठरवील तो दर लागतो. अशा खोल्यांत बहुधा वापरलेला, स्वस्तात मिळालेला फ्रिज असतो. सर्वाधिक वीज खाणारे यंत्र आणि सर्वाधिक दर एकाच माणसाच्या वाट्याला येतात. भाडेकरूंना स्वतंत्र प्रीपेड मीटर मिळावा म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये योजना आली. तिची गरज का पडली, हे पन्नास युनिटांच्या हिशेबातून कळते.

दिल्लीचे मूळ दर दीर्घकाळ गोठलेले आहेत, वाढ अधिभारांच्या वाटेने येते. महाराष्ट्रातील ग्राहकाच्या परिचयाच्या इंधन समायोजन आकाराचे भावंड असलेला वीजखरेदी समायोजन अधिभार, निवृत्तिवेतन निधीचा अधिभार आणि जुन्या थकबाकीसाठीचा आठ टक्के अधिभार, हे सारे मूळ आकारावर चढते. तीन वितरण कंपन्यांची वसूल न झालेली रक्कम २७ हजार कोटींवर गेली असून, अशी थकबाकी साचू न देता ठरलेल्या मुदतीत फेडावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. ही वसुली देयकांतून झाली, तर २०० युनिटांच्या आतील घराचा वाढीव भार अनुदानाची तरतूद उचलेल. ४०० च्या पुढे गेलेल्या घराला तो स्वतः भरावा लागेल आणि २०१ ते ४०० मधील घराला आठशेची मर्यादा आजच्यापेक्षा लवकर गाठेल.