घर सिमेंटचे, जमीन कोणाची?

ग्रामीण गरिबांना घरे देण्याच्या घोषणा या देशाला नव्या नाहीत. 1975 च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याचे कलम होते. 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना आली. 2016 मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. नावे बदलली, फलकांवरील छायाचित्रे बदलली. अनुदानाचा आकडा पुढे आला आणि जागेचा प्रश्न मागे पडत गेला. घर ज्या जमिनीवर उभे राहायचे ती जमीन कोणाची, हे विचारण्याचे धाडस सत्ताधारी वर्गाने केले नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

सत्ताधाऱ्यांच्या लेखी घर म्हणजे विटांचा ढीग आणि वर मायबाप सरकारचे दान. शेतमजुराच्या लेखी मात्र घर ही मजुरीच्या झगड्यातली पहिली चौकी आहे. मालकाच्या बांधावर ज्याची झोपडी आहे, त्याने सुगीच्या दिवसांत वाढीव मजुरी मागितली तर संध्याकाळपर्यंत त्याची भांडीकुंडी रस्त्यावर येतात. म्हणून तो गप्प बसतो. त्याची बायको मालकाच्या अंगणात फुकट राबते, मुलगा शाळा सोडून मालकाची गुरे वळतो. बेड्या न घालता माणूस बांधून ठेवण्याची ही युक्ती आहे.

ही युक्ती तोडायला निघालेल्यांना काय किंमत मोजावी लागली, ते पूर्व तंजावरच्या किळवेणमणी गावाने पाहिले आहे. लाल बावट्याखाली वाढीव मजुरी मागणाऱ्या दलित शेतमजुरांवर 25 डिसेंबर 1968 च्या रात्री जमीनदारांचे गुंड चालून गेले. जिवाच्या भीतीने एका झोपडीत शिरलेली 44 माणसे, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, जिवंत जाळण्यात आली. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली आणि जमीनदार निर्दोष सुटले. मात्र 1971 मध्ये तमिळनाडूला शेतमजुरांच्या घरजागांची मालकी त्यांच्या नावे करणारा कायदा करावा लागला.

केरळात हा लढा अधिक पुढे गेला. 5 एप्रिल 1957 रोजी कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि 11 एप्रिललाच कुळे व झोपडीवासी यांना हुसकावण्यास बंदी करणारा वटहुकूम निघाला. 1959 मध्ये ते सरकार बरखास्त झाले, परंतु प्रश्न बरखास्त झाला नाही. मल्याळी कागदपत्रांत येणाऱ्या ‘कुडिकिडप्पुकारन’ या शब्दाला मराठीत एकशब्दी पर्याय सापडत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणारा, ज्याला कधीही उठवता येते, असा त्याचा अर्थ. 1969 च्या दुरुस्तीने 1 जानेवारी 1970 पासून या माणसाला पंचायत क्षेत्रात दहा सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, जागा बाजारभावाच्या पाव किमतीत घेण्याचा हक्क मिळाला. त्या किमतीचाही अर्धा भाग सरकारी निधीतून येणार होता.

कायदा छापून झाला म्हणून जमीन मिळाली नाही. डिसेंबर 1969 मध्ये आलप्पुळ्याला जमलेल्या शेतमजूर-शेतकऱ्यांनी कायदा स्वतः अमलात आणण्याचा निर्धार केला, झोपड्यांभोवती स्वतःची कुंपणे घातली आणि लाठ्या व तुरुंग सोसले. अडीच लाखांहून अधिक कुटुंबे घरजागेची मालक झाली. त्या चार गुंठ्यांत नारळ लागले, शेळ्या-कोंबड्या आल्या, आणि मालकासमोर उभे राहून मजुरीचा दर ठरवणारा माणूस आला. केरळची शेतमजुरी देशातील प्रमुख राज्यांत सर्वांत वरच्या पातळीवर पोचली, त्यामागे लढाऊ संघटना होती आणि संघटनेच्या पायाखाली ही हक्काची जमीन होती.

1972 मध्ये कॉ. अच्युत मेनन मंत्रिमंडळातील कॉ. एम. एन. गोविंदन नायर यांनी पंचायतीगणिक सुमारे शंभर घरे बांधण्याची ‘लक्ष घरे’ योजना हाती घेतली. तिचे मोल मोठे आहे, परंतु तिच्या उणिवाही आपणच सांगितल्या पाहिजेत. एका भिंतीला दोन कुटुंबे जोडलेली ती घरे लहान होती, आणि गावापासून अलग पडलेल्या अशा वसाहतींना ‘कॉलनी’ हा हिणवण्याचा शब्द चिकटला. अखेर जून 2024 मध्ये सरकारी आदेशाने तो शब्द वगळावा लागला. गावकुसाबाहेर पक्की घरे बांधली तर गावकूसच पक्के होते, हा त्यातला धडा आहे.

आता दिल्लीचे औदार्य पाहा. 2016 मध्ये सपाट प्रदेशातील घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले. 2024 मध्ये आणखी 2 कोटी घरांची घोषणा झाली तेव्हाही रक्कम तीच राहिली. त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के, म्हणजे 72 हजार. केरळच्या ‘लाइफ’ योजनेने घरामागे 4 लाख रुपये दिले आणि भूमिहीनांचा वेगळा विचार केला. तरीही त्या घरांवर केंद्राचे बोधचिन्ह लावा, असा हट्ट धरण्यात आला. केरळने तो नाकारला. गरिबाच्या दारावर दात्याची पाटी ठोकणे हा त्याचा अपमान आहे.

एवढा पैसा आणायचा कोठून, असे विचारणारे पंडित आहेतच. उद्योगपतींची कर्जे निर्लेखित होताना हे पंडित कोठे असतात? गावात बांधलेल्या घराचा पैसा गावच्या गवंड्याच्या, सुताराच्या, वीटभट्टी मजुराच्या हाती जातो आणि गावच्याच दुकानात फिरतो. कॉ. अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या पुढाकाराने 1985 मध्ये त्रिशूरला उभ्या राहिलेल्या ‘कॉस्टफोर्ड’ संस्थेने पोकळ भिंतीच्या बांधणीने सुमारे पाव हिस्सा विटा वाचवून दाखवल्या. अडचण तंत्राची नाही, वर्गीय इच्छेची आहे.

आणि महाराष्ट्रात? 1948 च्या कूळकायद्यातील सोळा ते अठरा ही कलमे कुळांच्या आणि शेतमजूर-कारागिरांच्याही घरजागांना संरक्षण देतात. किती शेतमजुरांनी त्यांचे नाव तरी ऐकले आहे? 2022 मध्ये गायरानावरील घरे हटवण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा गावठाणात ज्यांना कधी जागाच मिळाली नाही तेच ‘अतिक्रमक’ ठरले. बीडचा ऊसतोड मजूर कारखान्याच्या फडाजवळ कोपीत हंगाम काढतो आणि गावी परततो तेव्हाही पायाखालची जमीन त्याचीच असेल याची शाश्वती नसते.

साथींनो, घरकुलाच्या अर्जावर अंगठे घेऊन फिरणे एवढेच आपले काम नाही. शाखांनी गावोगाव घरजागांची नोंद करावी. कोणाची झोपडी कोणाच्या जमिनीवर आहे, किती वर्षे आहे, उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, हे लिहून काढावे. गावठाणवाढीत भूमिहीनांना पहिला वाटा, घरजागेच्या मालकीत स्त्रीचे नाव आणि पर्यायी जागेशिवाय एकही झोपडी न हलवणे, या मागण्यांवर शेतमजुरांना संघटित करावे. कसेल त्याची जमीन ही घोषणा आपण दिली, राहील त्याची घरजागा हा तिचाच पुढचा शब्द आहे. स्वतःच्या जमिनीवर उभा राहिलेला मजूरच ताठ मानेने लढतो, आणि अशा माणसांचीच वस्ती खऱ्या अर्थाने गाव होते.