परिचारिकांचे स्थलांतर : संरक्षण १८ देशांपुरतेच?

इराकमधील तिक्रित येथे अडकून पडलेल्या ४६ भारतीय परिचारिका ५ जुलै २०१४ रोजी कोचीच्या विमानतळावर सुखरूप उतरल्या, तेव्हा देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्यापैकी अनेकींना रिकाम्या हाताने परतण्याचीच धास्ती होती, ही बाब मात्र त्या आनंदात झाकली गेली. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, दलालाला मोजलेली रक्कम आणि थकलेला पगार यांचा हिशेब सुटकेने मिटणारा नव्हता.

या दलालीचे स्वरूप पुढच्याच वर्षी उघड झाले. कुवेतमधील भरतीसाठी १९ हजार ५०० रुपये शुल्काची मुभा असताना प्रत्येकीकडून १९ लाख ५० हजार रुपये उकळल्याचा आरोप सीबीआयने केरळमधील एका संस्थेवर ठेवला. त्यानंतर केंद्र सरकारने २०१५ मध्ये १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना ई-मायग्रेट प्रणालीतून परवानगी सक्तीची केली आणि भरतीचे काम नोर्का रूट्स, ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांकडे सोपविले. निर्णय योग्यच होता; पण या १८ देशांत भर आखाताचा. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी त्यांत नाहीत आणि आज ओढा तिकडेच वाढतो आहे.

तेथील अडचणी वेगळ्या आहेत. पासपोर्ट कोणी काढून घेत नाही, परंतु करारातील एक कलम तेच काम करते. ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परत करावा लागतो, असे ब्रिटनमधील अनेक करारांत नमूद असते. शिवाय तेथे पोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत पदवीला मान्यता मिळेपर्यंत कमी वेतनावर साहाय्यक म्हणून राबावे लागते. दहा वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या परिचारिकेला हे किती झोंबत असेल?

तरीही त्या जातात, याचे कारण आपल्याकडेच आहे. मुंबईतील खासगी रुग्णालयात दोन-तीन वर्षे अनुभव घ्यायचा आणि परदेशाची वाट धरायची, हा मल्याळी परिचारिकांचा जुना रिवाज. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहान रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये वेतनाची शिफारस केली. ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली.

महाराष्ट्रासाठी हा विषय आता परका नाही. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. केरळने त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, ‘ट्रिपल विन’ योजनेसाठी करार केला होता. त्या योजनेत भाषाशिक्षणाचा भार उमेदवारावर पडत नाही आणि जर्मनीत पोचल्यावर मान्यतेच्या प्रक्रियेतही साह्य मिळते. आपल्याकडे चर्चा रंगते ती किती जण जाणार, या आकड्याची. मान्यता रखडली किंवा करारावरून वाद झाला, तर सांगलीच्या वा अमरावतीच्या मुलीने मंत्रालयात कोणाचा दूरध्वनी फिरवायचा, याचे उत्तर तिला जाण्यापूर्वीच लेखी मिळायला हवे.