उताऱ्याचा अन्वय

पुढील इंग्रजी वाक्य वाचकांनीं क्षणभर पाहावें : 'द ट्रिम्पल वॉज फाउंड नियर द ओल्ड ब्रिज बाय टू स्मॉल ब्लोगिन्स.' यांतील 'ट्रिम्पल' व 'ब्लोगिन' हे शब्द कोशांत शोधण्याचे श्रम कोणीं घेऊं नयेत. ते आम्हींच येथें रचिले आहेत. आतां या वाक्याखालीं दोन प्रश्न घालावे. ट्रिम्पल कोठें सांपडला? तो कोणास सांपडला? सहाव्या इयत्तेंतील कोणताही चलाख मुलगा दोहोंचीं उत्तरें शुद्ध इंग्रजींत लिहील आणि पैकीच्या पैकी गुण घेईल. ट्रिम्पल हा प्राणी कीं पदार्थ, याची मात्र त्यास गंधवार्ताही नसेल.

शाळांतून 'उतारा वाचून उत्तरें लिहा' या नांवाखालीं जें चालतें, त्यांतील बरेंचसें या जातीचें आहे. प्रश्नांतील शब्द उताऱ्यांत हुडकावयाचा, तो जेथें भेटेल ती ओळ उतरून काढावयाची, आणि पुढील प्रश्नाकडे वळावयाचें. हस्ताक्षर बरें असलें म्हणजे झालें.

इंग्रजीची ओढ आमच्या या भागास नवी नाहीं. सावित्रीबाई फुले यांचें जन्मग्राम नायगांव हें या खंडाळा तालुक्यांतलेंच. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. आणि १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'काव्यफुले' या संग्रहांत त्यांनीं इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरिला आहे. खंबाटकीचा घाट ओलांडून वाईस जावें, तर तेथें प्राज्ञपाठशाळा. तेथील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा पाया न्यायवेदान्ताचा; तरी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे ग्रंथ त्यांनीं इंग्रजींतून वाचले, आणि ज्या मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक होते, त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. शास्त्राध्ययनानें वाक्यापाशीं थांबण्याची जी संवय लागते, ती त्यांस इंग्रजी वाचतांनाही उपयोगी पडली असावी, असें आम्हांस वाटतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या पोसल्या. त्या मालेंत गोडी फारशी नव्हती, पण प्रत्येक वाक्य या भाषेंतून त्या भाषेंत न्यावें लागे, आणि नेतांना त्यांतील कोणताही शब्द वाटेंत टाकून देतां येत नसे. पुढें २००० सालीं मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झालें. शिकण्याचीं वर्षें वाढलीं. वाक्यापाशीं थांबण्याची संवय मात्र त्या मानानें वाढली नाहीं.

ती नसल्यानें काय होतें, तें एका परिचित कुटुंबांत आम्हीं पाहिलें आहे. मुलास परगांवच्या वसतिगृहांत जागा मिळाली, फी भरली. पुढें घराजवळच प्रवेश मिळाल्यामुळें ती जागा सोडावयाची ठरली. माहितीपत्रकांत वाक्य होतें : 'द फी विल नॉट बी रिफंडेड अनलेस द ॲप्लिकंट विथड्रॉज इन रायटिंग बिफोर द फर्स्ट ऑफ जून.' मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत चुलत्यांनीं दूरध्वनीवरून कळविलें. लेखी अर्ज घेऊन मुलगा स्वतः गेला तो एक जूनच्या सकाळीं. वडिलांच्या दोन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम गेली. घरांत चार पदवीधर. पत्रक चौघांनींही वाचलें होतें. चौघांनींही त्यांतून 'फी', 'परत' आणि 'एक जून' एवढेच शब्द उचलले.

यांत बुद्धीचा दोष नाहीं. मराठी वाक्याचें क्रियापद शेवटीं येतें; तें येईपर्यंत आपला कान जागा असतो. इंग्रजींत तें लवकर येऊन जातें. क्रियापद आलें कीं आपल्या मनाला वाक्य संपल्यासारखें वाटतें, आणि मग मागून येणारी अट, अपवाद, मुदत हीं सारीं अर्धवट कानांवर पडतात. इंग्रजी वाक्याचें विष पुष्कळदां त्याच्या शेपटांत असतें.

यावर उपाय आमच्या पाठशाळांत फार पूर्वींपासून आहे. संस्कृत श्लोक लावण्याच्या दोन रीती : दंडान्वय आणि खंडान्वय. दंडान्वयांत पदें सरळ क्रमानें मांडतात. खंडान्वयांत प्रथम क्रियापद धरावयाचें आणि त्यालाच प्रश्न विचारीत सुटावयाचें : कोण? काय? कशानें? कोठें? केव्हां? प्रत्येक प्रश्नास एक पद उत्तर म्हणून येतें, आणि एकही पद शिल्लक राहिलें तर श्लोक लागला असें कोणी म्हणत नाहीं. नैयायिक ज्यास आकांक्षा म्हणतात ती हीच. एका पदास दुसऱ्याची लागलेली भूक.

वरील वाक्यास हें लावून पाहावें. क्रियापद : परत दिली जाणार नाहीं. काय? फी. कोणत्याही परिस्थितींत नाहीं काय? नव्हे, 'अनलेस', एक गोष्ट केली तर मिळेल. कोणती? जागा सोडल्याचें कळविणें. कोणीं? अर्जदारानें, म्हणजे चुलत्यांनीं नव्हे. कसें? लेखी. केव्हां? एक जूनच्या आधीं. म्हणजे उशिरांत उशिरा एकतीस मे. सहा प्रश्न, दोन मिनिटें.

हा अभ्यास लहान शब्दांवर करावा, मोठ्या शब्दांवर नव्हे. मोठा शब्द अडला तर कोश आहे. लहान शब्द अडतच नाहीं; ओळखीचा म्हणून त्याला कोणी हटकीत नाहीं, आणि घात तोच करतो. 'फ्यू स्टुडंट्स पास्ड' म्हणणारा मास्तर खंतावलेला आहे. 'अ फ्यू स्टुडंट्स पास्ड' म्हणणारा थोडासा समाधानी आहे. 'ही वर्क्स हार्ड' ही शिफारस, 'ही हार्डली वर्क्स' ही तक्रार. 'मे' आणि 'मस्ट' यांतील अंतर तर नोकरीच्या करारावर सही करणाऱ्यानें जाणलेंच पाहिजे. शिरवळच्या बाजूस कारखाने झाल्यापासून असे करार आमच्या खेड्यापाड्यांतील घरांतही येऊं लागले आहेत. सर्वनामांचेंही तसेंच. 'इट' किंवा 'दे' दिसलें कीं तें कोणासाठीं आलें आहे, तें पेन्सिलीनें वर लिहावें. हल्लीं भ्रमणध्वनी क्षणांत भाषांतर करून देतो. त्याचा उपयोग करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भाषांतरांत 'अनलेस' नीट उतरला कीं नाहीं, हें पाहावयास मूळ वाक्य लावतां आलें पाहिजे.

आतां परीक्षक कोण असावा? आमच्या मतें, घरांत इंग्रजी न येणारी आजी असेल तर तिच्यासारखा परीक्षक नाहीं. मुलानें रोज आठ-दहा ओळी वाचाव्या आणि आजीस मराठींत सांगाव्या. आजीपुढें उताऱ्यांतील ओळ उतरून काढण्याची सोय नसते. ती 'कोण गं बाई?', 'मग पैसे कोणीं दिले?', 'असं का केलं त्यानं?' असें विचारणार, आणि ट्रिम्पल म्हणजे काय हें तर पहिल्याच दमांत विचारणार. आजी नसेल तेथें आईनें किंवा काकूनें इंग्रजी येत नसल्याचें सोंग घ्यावें. सोंग चांगलें वठलें पाहिजे.

उतारे पुस्तकांतलेच हवेत असें नाहीं. विमापत्र, विजेचें देयक, औषधाच्या डबींतील चिठ्ठी, हे घरांत पडलेले उतारेच आहेत. प्रश्न मात्र असा काढावा कीं, त्याचें उत्तर शब्दशः उताऱ्यांत नसेल. आम्हीं नमुन्यादाखल रचिलेलें एक वाक्य देतों : 'द सिरप शुड नॉट बी टेकन विदिन टू अवर्स ऑफ द आयर्न टॅब्लेट, विच मस्ट बी टेकन फर्स्ट.' आजीनें लोहाची गोळी सकाळीं आठ वाजतां घेतली, तर पातळ औषध तिला किती वाजण्यापूर्वीं देऊं नये? 'दहा' हा शब्द वाक्यांत कोठेंही नाहीं. जो मुलगा तो सांगेल, त्याला पुढें विचारावें कीं, गोळी घेण्याचें आठ वाजतां राहून गेलें असेल तर औषध आधीं दिलें तर चालेल काय, आणि तें वाक्यांतील कोणत्या शब्दावरून ठरविलेंस?