संकलनाचा वेग कशात असतो?



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की पूर्वी पुठ्ठा, डिंक आणि रंगीत कागद यांची शोधाशोध सुरू होत असे. आता त्यांच्या जोडीला चित्रफीत आली आहे. प्रयोग करायचा, तो मोबाइलवर चित्रित करायचा, नको असलेला भाग काढून टाकायचा आणि हवे ते तुकडे जोडून पाच मिनिटांची फिल्म तयार करायची. या काटछाटीला व जुळणीला संकलन म्हणतात. संकलनाचे काम सुरू झाले की दोन दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "सर, संगणक फार हळू चालतो. नवा घेतल्याशिवाय काम होणार नाही."

माझे मत असे की ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. संकलनाचा वेग यंत्रात थोडा आणि पद्धतीत पुष्कळ असतो. यामागे साधे गणित आहे. ज्या शाळेत एकच जुना संगणक आहे तेथील मुलांनी तर ते अवश्य करून पाहावे. 'आपल्याकडे साधने नाहीत' असे म्हणून त्यांनी हा नाद सोडून दिला, तर नुकसान त्यांचेच आहे.

वेळ जातो कोठे?

समजा, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर तुम्हाला पाच मिनिटांची चित्रफीत करावयाची आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणून, ते उंचावरून पाडून, त्याच्या जोरावर पिठाचे जाते फिरविण्याची ही जुनी योजना. दाब, उंची आणि ऊर्जा हे तिन्ही धडे तेथे एकाच आवारात पाहायला मिळतात. तुम्ही तेथे जाऊन तासभर चित्रीकरण केलेत. आता घरी बसून संकलन करावयाचे.

उदाहरणापुरते असे धरू की चित्रीकरण पाहण्यात आणि 'तो पाण्याचा तुकडा कोठे होता?' म्हणून शोधण्यात ५ तास गेले. तुकडे कापून ओळीने लावण्यात ३ तास गेले. निवेदनाला १ तास लागला. शेवटी संगणकाने सर्व तुकड्यांची मिळून एक फाईल तयार करण्यास १ तास घेतला. एकूण १० तास.

आता दुप्पट वेगाचा संगणक आणला असे समजा. शेवटचे काम अर्ध्या तासात होईल. म्हणजे १० तासांचे साडेनऊ तास झाले. बचत शेकडा ५. अनंत वेगाचा संगणक मिळाला, तरीही ९ तास उरतातच! जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणक-अभियंत्याने १९६७ साली संगणकांच्या बाबतीत याच धर्तीचा विचार मांडला होता. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता तो मुळातच लहान असेल, तर एकूण फायदाही लहानच राहतो.

मग मोठा भाग कोणता? शोधाशोधीचे ५ तास. ते कमी करण्याचे साधन पाच-दहा रुपयांच्या वहीत आहे. चित्रीकरण झाले त्याच संध्याकाळी सर्व क्लिप एकदा क्रमाने पाहा आणि प्रत्येकीची नोंद करा : क्लिपचा क्रमांक, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, त्यात काय आहे, आणि घेण्याजोगे आहे की नाही. एका तासाचे चित्रीकरण थांबत थांबत पाहायला दोन तास लागतील. परंतु पुढे शोधाशोध जवळजवळ उरत नाही. ५ तासांचे २ झाले. बचत शेकडा ३०. नव्या संगणकाच्या सहापट!

सिनेमावाले चित्रीकरणाआधी कॅमेऱ्यासमोर क्रमांक लिहिलेली पाटी धरून फळी वाजवितात, ती हौसेखातर नव्हे. पाटीवरून तुकडा सापडतो. फळी आपटलेली चौकट आणि आवाजाचा 'टक्' जुळविला की वेगळा नोंदलेला आवाज चित्राला बरोबर बसतो. तुम्हाला साधी पाटी, खडू आणि एक टाळी पुरेल. मात्र टाळी मायक्रोफोनजवळ वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर अंतरावरची टाळी दशांश सेकंद उशिरा पोहोचेल, आणि तेवढ्या वेळात अडीच चौकटी पुढे सरकलेल्या असतील.

आता कळफलकाच्या खुब्यांविषयी. बहुतेक संकलन-प्रणालींत 'एल' दाबले की चित्र पुढे धावते, 'जे'ने मागे, 'के'ने थांबते. 'आय'ने तुकड्याची सुरुवात ठरते व 'ओ'ने शेवट. या खुब्यांची फार वाखाणणी होते. त्यांचेही गणित करू. माऊसने एक काप घेण्यास ४ सेकंद आणि कळीने १ सेकंद लागला, तर ४०० कापांमागे वाचले १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. वहीने वाचविलेल्या ३ तासांपुढे ही रक्कम किरकोळ आहे. तरीही कळा शिकाव्यात, पण वेगळ्या कारणासाठी. हात कळांवर असला की डोळे चित्रावर राहतात. माऊस घेऊन कात्रीचे चिन्ह शोधायला गेलात की नजर हटते, आणि काप कोठे घ्यायचा होता तेच निसटते.

संगणक का अडखळतो?

"पण सर, चित्र मागे-पुढे करताना तो अडकतो त्याचे काय?" असा प्रश्न तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे.

नेहमीच्या चित्रफितीची एक चौकट १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असते. म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चौकटीला ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने एका मिनिटाला होतात सुमारे ९३३ कोटी बाइट. मोबाइलमधील एका मिनिटाची फाईल मात्र साधारणपणे १२-१५ कोटींच्या आसपास भरते. साठ-सत्तर पट लहान! हे कसे साधते?

किराणा दुकानातील उधारीची वही आठवा. दुकानदार रोज सर्व गिऱ्हाइकांची पूर्ण यादी लिहीत नाही. मागील बाकी पुढे ओढतो आणि आज काय बदलले तेवढेच टिपतो. मोबाइलही तेच करतो. अधूनमधून एक चौकट पूर्ण नोंदवितो आणि मधल्या चौकटींत मुख्यतः काय बदलले तेवढेच लिहितो. जागा वाचते, पण त्याची किंमत संकलनाच्या वेळी द्यावी लागते. तुम्ही एकदम मधल्या चौकटीवर उडी मारलीत की संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तेथून सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. उलट दिशेने पाहू लागलात, तर ही मेहनत वारंवार. तो अडखळतो तो यामुळे.

यावर उपाय आहे. संकलनापुरती प्रत्येक क्लिपची एक लहान प्रत करावयाची. तिला प्रॉक्सी म्हणतात. ६४० गुणिले ३६० बिंदूंच्या प्रतीत मूळच्या बरोबर एक नवमांश बिंदू असतात. शिवाय ही प्रत सहसा अशा रीतीने साठविता येते की तिची प्रत्येक चौकट पूर्ण असते. काटछाट या प्रतीवर करावी. शेवटची फाईल तयार होताना प्रणाली आपोआप मूळ क्लिप वापरते. 'केडेनलाइव्ह' आणि 'शॉटकट' या विनामूल्य प्रणालींतही ही सोय आहे. प्रती तयार व्हायला वेळ लागतो, पण तो तुमचा नव्हे. काम लावून द्या आणि जेवून या.

हे शक्य होते याचे कारण समजून घ्या. प्रणाली तुमची मूळ क्लिप कधी कापतच नाही. ती फक्त एक यादी ठेवते : 'तिसरी क्लिप, १२ ते १९ सेकंद, मग सातवी, ४० ते ४६.' म्हणूनच काम सुरू झाल्यावर क्लिपची नावे किंवा जागा बदलू नयेत. यादीतला पत्ता चुकतो आणि पडद्यावर चित्राऐवजी सूचना झळकते.

प्रॉक्सी करूनही प्रणाली धड उघडत नसेल, तर संगणकाची स्मृती अपुरी आहे असे समजावे. तेव्हा खर्च करणे योग्य. पण तो निर्णय शेवटी घ्यावा, आरंभी नव्हे.

फाळके यांची वाटाण्याची रोपटी

संगणक नव्हते तेव्हा हे काम कसे चाले? त्यासाठी आपल्या मराठी मुलखातलेच उदाहरण घेऊ. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटाला भांडवल हवे होते. ते मिळविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि सुमारे महिनाभर त्यांची वाढ टिपली. तयार झालेली 'अंकुराची वाढ' ही फिल्म मिनिटभराहून थोडीच मोठी होती. सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर एका मिनिटाच्या ९६० होतात; ३० दिवसांत दिवसाला सरासरी ३२. महिन्याचा मिनिट करावयाचा, हा निर्णय पहिली चौकट टिपण्यापूर्वीच झालेला होता. संकलनाचे बहुतेक काम कॅमेरा सुरू होण्याआधीच उरकले होते म्हणा ना!

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट. एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे. म्हणजे एका प्रतीत ५९,२०० चौकटी आणि ४,७३,६०० छिद्रे! कोऱ्या फिल्मला ही छिद्रे अंधारात पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. जेथे फुटाफुटाला इतके कष्ट पडतात, तेथे कोणी उगीच तासभर कॅमेरा चालू ठेवीत नाही. आज चित्रीकरण फुकट झाले आहे, आणि विचार न करता केलेल्या चित्रीकरणाचा भार संकलनावर येऊन पडतो. पाणचक्कीवर जाण्यापूर्वी दहा ओळींचा आराखडा कागदावर लिहिलात, तर तासाऐवजी वीस मिनिटांचेच चित्रीकरण पुरेल, आणि वहीतली नोंदही एक तृतीयांश होईल.

जेथे घाई चालत नाही

आता दुसरी बाजू. हल्ली काही प्रणाली बोलण्यातील शांततेच्या जागा आपोआप शोधून कापून टाकतात. निवेदनासाठी ही सोय उत्तम आहे. पण प्रयोगावर ती चालविलीत तर काय होईल?

एक मीटर लांबीच्या लंबकाचा प्रयोग घ्या. २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात, म्हणजे आवर्तकाल २ सेकंद. सूत्रात घातले की गुरुत्वत्वरण ९.८७ येते, ठीक. प्रयोगाच्या वेळी सगळे गप्प उभे असतात, म्हणून यंत्राला ती 'रिकामी जागा' वाटते. समजा, त्याने पहिल्या व विसाव्या आंदोलनांमधील १० सेकंद कापले. ज्या विद्यार्थ्याने स्वतः आंदोलने न मोजता, तुमच्या चित्रफितीत २० आंदोलने आहेत असे मानून वेळ घेतला, त्याला ३० सेकंद मिळतील. आवर्तकाल दीड सेकंद, आणि गुरुत्वत्वरण १७.५! चित्र सुबक, आवाज स्वच्छ, आणि विज्ञान साफ चुकीचे. लंबक मध्येच उडी मारतो हे डोळ्यांना दिसेलच असेही नाही.

म्हणून माझा आग्रह असा. ज्या दृश्यात काळ मोजला जात आहे, तेथे कात्री लावू नये. लावावीच लागली, तर पडद्यावर तसे लिहावे, किंवा चौकटीच्या कोपऱ्यात चालते घड्याळ ठेवावे. फाळके यांनी महिन्याचा मिनिट केला, पण ती वाढ महिन्याची आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. फसलेला प्रयोग गाळून जमलेला तेवढाच दाखवायचा असेल, तर तेही निवेदनात सांगावे. संकलन वेगाने होऊ लागले की असा मोह वाढतो. घाटात 'अति घाई संकटात नेई' असा फलक असतो, तो संकलकानेही टेबलासमोर लावायला हरकत नाही.

वही, पाटी, प्रॉक्सी आणि कळा यांनी वाचलेले तास अशा ठिकाणी खर्च व्हावेत : दृश्य पुन्हा पाहण्यात, मोजमाप तपासण्यात, आणि ज्याला पाणचक्की ठाऊक नाही अशा एखाद्या मित्राला चित्रफीत दाखवून त्याला काय कळले ते विचारण्यात.

माझे म्हणणे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. पुढच्या चित्रफितीच्या वेळी घड्याळ जवळ ठेवा आणि चार आकडे टिपा : शोधण्यात किती वेळ गेला, कापण्यात व जुळविण्यात किती, निवेदनात किती, आणि संगणकाची वाट पाहण्यात किती. सर्वांत मोठा आकडा कोणता ते पाहा, आणि सुधारणा तेथून सुरू करा. तो आकडा संगणकाचा निघाला, तर नव्या संगणकाची मागणी मुख्याध्यापकांकडे अवश्य करा. तुमच्या हातात तेव्हा पुरावा असेल.