वेलाला मांडव, मज्जारज्जूला आधार

मैत्रिणींनो, परसात कारल्याचा वेल लावला की आपण त्याला मांडव घालतो. आधार मिळाला की तो भराभर चढतो, नाही तर जमिनीवरच गुंतून बसतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचंही काहीसं तसंच. अपघातात त्याला जबर मार बसला की आत पोकळी होते, भोवती व्रण धरतो आणि चेतातंतूंची वाट तिथेच अडते. म्हणून शास्त्रज्ञ त्या जागी शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचा 'मांडव' घालू पाहताहेत.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टप यांच्या गटाने पाय लुळे पडलेल्या उंदरांना असं द्रव्य टोचलं. चार आठवड्यांत ते चालू लागले, असं त्यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. ऐकून आनंद होतोच. पण पुढचंही ऐका. अमेरिकेतच २०१४ पासून काही रुग्णांच्या मज्जारज्जूत विरघळणारी सच्छिद्र कांडी बसवून पाहिली. सुरुवातीला आशा वाटली. पण ती न बसवलेल्या रुग्णांशी रीतसर तुलना केली, तेव्हा २०२३ मध्ये अपेक्षित फरक दिसला नाही. उंदीर चालला म्हणजे माणूस चालेलच, असं नाही.

हे सांगायचं कारण? घरात कोणी अंथरुणाला खिळलं की अशा बातमीचं कात्रण घेऊन कोणीतरी येतंच. 'एक इंजेक्शन, लाखभर रुपये, पेशंट उभा!' आणि मग बाईच्या अंगावरचे दागिने आधी मोडले जातात. तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. हा प्रयोग असेल, तर सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक काय? आणि प्रयोग आहे, तर पैसे कशाचे? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर सरळ घरी या.

आज हाती आहे ते साधंच, पण जीव वाचवणारं आहे. अपघातग्रस्ताला हातापायाला धरून उचलू नये, मान-पाठ सरळ ठेवून फळीवर न्यावं. अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. लघवीच्या नळीची स्वच्छता आणि रोजचा व्यायाम चुकवू नये.

फक्त एक विचारावंसं वाटतं. रात्री दोनला उठून कूस बदलायची, ती दरवेळी सुनेनेच का? दीर, मुलगा, नणंद यांनीही पाळी घ्यावी की! शास्त्रज्ञांचा मांडव येईल तेव्हा येवो. घरातला आधार तर आजच उभा करता येतो, आणि तो एकाच खांबावर पेलत नाही.